टाचेच्या मागे गेलेले चार महिने: स्पास्टिक डायप्लेजिया असलेल्या एका मुलीच्या चालण्याचे प्रकरण

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका कुळागरातले, म्हणजे पोफळीच्या बागेतले घर. घराच्या सोप्यापासून गावच्या मराठी प्राथमिक शाळेच्या दारापर्यंतची वाट २४० मीटर. मी स्वतः टेप लावून मोजली आहे. आधी चिऱ्याच्या सात पायऱ्या, मग पोफळींमधून उतरत जाणारी मातीची वाट, मध्ये पाण्याचा पाट, पुढे डांबरी रस्त्याची कड आणि शाळेच्या दारात पुन्हा दोन पायऱ्या. सहा वर्षे दोन महिन्यांची एक मुलगी ही वाट रोज आईच्या कडेवर बसून पार करत होती. तिचे वजन १७ किलो. घरात तिला सगळे बाय म्हणतात. इथेही तेच नाव चालवते. तिला स्पास्टिक डायप्लेजिया आहे, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे मुख्यतः दोन्ही पाय ताठर होणारा सेरेब्रल पाल्सीचा प्रकार.

नोव्हेंबरात ती पहिल्यांदा माझ्याकडे फिजिओथेरपीला आली तेव्हा आजीने खुर्चीत टेकायच्या आधीच विचारले, "अगो, हिची टाच कधी टेकायची?" आईने काहीच विचारले नाही. तिच्या कमरेला पट्टा बांधलेला होता. तो मला दिसला, पण मी कुठे लिहून ठेवला नाही. पुढचे बरेच काही त्या न लिहिलेल्या ओळीत होते.

आधीची हकीकत

जन्म तिसाव्या आठवड्यात, वजन १३०० ग्रॅम, नवजात अतिदक्षता विभागात पाच आठवडे. मान उशिरा धरली, बसायला लागली ती दीड वर्षाची झाल्यावर. तेव्हाच एमआरआय झाला आणि मेंदूतल्या पोकळ्यांच्या कडेच्या पांढऱ्या भागाला इजा झाल्याचे दिसले. वैद्यकीय नाव पेरिव्हेंट्रिक्युलर ल्युकोमलेशिया. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हा भाग फार नाजूक असतो. पायांकडे जाणारे तंतू या पोकळ्यांना खेटून उतरतात, हातांचे त्यांच्याहून थोडे लांबून. म्हणून अशा मुलांचे पाय जास्त ताठर आणि हात पुष्कळसे मोकळे राहतात. बाय दोन्ही हातांनी शेंगा सोलते, चित्रे काढते आणि बोलण्यात आजीला हार जात नाही.

ग्रहणात आईने विळी हातात धरली म्हणून असे झाले, असे घरात कोणीतरी म्हणून गेले होते आणि सहा वर्षे ते तसेच पडून होते. एमआरआयची फिल्म खिडकीला धरून मी आजीसमोरच ही तंतूंची गोष्ट सांगितली. औषध म्हणून नव्हे, पण त्यानंतर आई बोलायला लागली.

तोवरचे उपचार तुटक झाले होते. बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जायचे म्हणजे अख्खा दिवस मोडतो, वडिलांची नोकरी पाळीची. मधल्या काळात मुंबईतल्या स्टेम सेलच्या जाहिरातीची चौकशी झाली होती. त्यासाठी घर गहाण टाकावे इतका पुरावा त्या उपचाराला नाही, हे मी स्पष्ट सांगितले. एकाने शीर मोकळी करायचे ऑपरेशन सुचवले होते. डायप्लेजिया असलेल्या इतक्या लहान मुलाची टाचेची शीर एकटीच लांबवली तर पोटरीचा जोर जातो आणि मूल पुढे गुडघे वाकवून, खाली बसल्यासारखे चालू लागते. ते वाकलेपण टाच उचलण्याहून वाईट, कारण तिथून परत येणे कठीण. ऑपरेशनची वेळ येतेच, पण बहुधा पुढे, आणि तेव्हा खुबा, गुडघा, घोटा यांचा एकत्र विचार करून.

तपासणीत काय आढळले

सेरेब्रल पाल्सीच्या मुलांचे हालचालीच्या क्षमतेवरून पाच स्तर करणारे जीएमएफसीएस हे वर्गीकरण कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या गटाने १९९७ मध्ये मांडले. पहिल्या स्तराची मुले आधाराशिवाय चालतात, पाचव्या स्तराच्या मुलांना डोके सावरायलाही मदत लागते. बाय तिसऱ्या स्तरात बसत होती: वॉकर धरून चालते, घरात भिंतीच्या आधाराने किंवा गुडघ्यांवर, लांबच्या पल्ल्याला कोणीतरी उचलते.

घोटा वर वळवताना गुडघा सरळ ठेवला तर उजवीकडे काटकोनाला पाच अंश कमी पडत, डावीकडे जेमतेम काटकोन होई. गुडघा वाकवला की दोन्ही घोटे काटकोनाच्या पुढे पाच-सात अंश जात. म्हणजे आखडला होता तो मुख्यतः पोटरीतला वरचा, गुडघा ओलांडून जाणारा स्नायू. खुब्याच्या बाजूच्या स्नायूंत जोर फारच कमी. हाताने काही न धरता स्टुलावरून अर्ध्या मिनिटात चारदा उठली, चौथ्यांदा ढकलून. वॉकर घेऊन १० मीटर चालायला ३२ सेकंद. सहा मिनिटांत ९६ मीटर, आणि शेवटी श्वास लागलेला, कपाळावर घाम. अशा मुलांना तेवढेच अंतर चालायला इतर मुलांच्या दुप्पट-तिप्पट शक्ती लागते. खुब्यांचा एक्स-रे त्यांनी बरोबर आणला होता. मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीबाहेर किती सरकला आहे ते टक्क्यांत मोजतात: उजवा २७, डावा २४. तीसच्या पुढे गेला की सावध व्हायचे. मी नोंद केली आणि कागद फायलीत ठेवला.

टाचेचे चार महिने

आजीचा प्रश्न मी माझा करून घेतला, हे कबूल केले पाहिजे. टाच दिसते, ती टेकली की घरच्यांनाही दिसते, आणि मलाही काहीतरी केल्यासारखे वाटते. आठवड्यातून दोनदा पोटऱ्या ताणणे, घरी रोज सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटे तेच. आजी खोबरेल तेल लावून चोळायची, आई पाय धरायची, बाय रडायची. फेब्रुवारीच्या अखेरीस उजवा घोटा काटकोनावर आला. मी खूश. १० मीटरला लागले ३३ सेकंद.

आई त्या दिवशी म्हणाली, "मॅडम, टाच लागली. पण पोर अजून माझ्या कडेवरच आहे."

मी शिकत होते तेव्हा आमच्यावर बर्टा आणि कारेल बोबाथ या दांपत्याने लंडनमध्ये रुजवलेल्या पद्धतीचा पगडा होता. ताठर स्नायूला जोर लावायला लावला तर ताठरपणा वाढेल, अशी भीती त्यातून आमच्या हातांत उतरली होती. ती भीती पुढच्या अभ्यासांत टिकली नाही. व्यायामाने जोर वाढतो, ताठरपणा त्यामुळे वाढत नाही. हाताने ताणण्याचा टिकाऊ उपयोग फारसा होत नाही, हेही कळून बरीच वर्षे झाली. ऑस्ट्रेलियातल्या आयोना नोवाक आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये सेरेब्रल पाल्सीच्या उपचारांना सिग्नलचे रंग दिले, २०२० मध्ये ती मांडणी अद्ययावत केली. मुलाने ठरवलेले काम, प्रत्यक्ष ते काम करूनच शिकणे हिरव्यात. मला हे ठाऊक नव्हते असे नाही. मी त्यावर कार्यशाळेत बोललेही होते. तरी माझे हात जुन्या वळणावर गेले.

घाई करायला आणखी एक कारण होते. मेंदूतली इजा वाढत नाही, पण हाडे वाढतात आणि ताठर स्नायू त्यांच्या वेगाने लांब होत नाहीत. तिसऱ्या स्तरातल्या मुलांची हालचालीची क्षमता साधारण आठव्या वर्षाच्या सुमारास सर्वात वर असते, नंतर किंचित उतरते. बायच्या हातात दीड-पावणेदोन वर्षे होती आणि त्यातले चार महिने मी टाचेवर घालवले होते.

कोणाला काय हवे होते

मार्चमध्ये मी त्यांच्या घरी गेले. जायला हवे होते नोव्हेंबरातच. सोप्यावर बसून प्रत्येकाला विचारले. आजीला टाच. आईला, बायने कडेवरून उतरणे. तिच्या कमरेचा पट्टा यावेळी मी लिहून घेतला. आजोबा म्हणाले, पोफळी मोजायला माझ्याबरोबर आली तर बरे. बायला विचारले तर ती म्हणाली, "प्रार्थनेला ओळीत उभं राहायचंय. बाई मला खुर्चीत बसवतात."

म्हणजे दोन गोष्टी: २४० मीटर चालून जाणे, आणि पोचल्यावर प्रार्थना संपेपर्यंत, साधारण सात मिनिटे, उभे राहणे. सर्वांनी मान्य केले. आजीने अर्धवट.

बोटॉक्स, प्लॅस्टर आणि पाचर

टाच सोडून दिली असे नाही. मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांशी बोलून दोन्ही पोटऱ्यांत ताठर स्नायू तात्पुरता सैल करणारी बोटुलिनम टॉक्सिनची, म्हणजे बोटॉक्सची इंजेक्शने झाली. त्याचा परिणाम काही दिवसांत दिसू लागतो आणि तीनेक महिन्यांत ओसरतो. इंजेक्शन म्हणजे उपचार झाला असे पालकांना वाटते. खरे तर ते भाड्याने घेतलेले तीन महिने असतात, त्यांत काय करायचे हे आधी ठरलेले असले पाहिजे. दोन आठवडे गुडघ्याखाली प्लॅस्टर, मग स्प्लिंट.

स्प्लिंटची हकीकत जरा सविस्तर सांगते, कारण ती मी पुष्कळ घरांत कपाटावर पडलेली पाहते. पहिली जोडी घोटा अगदी काटकोनात धरून, एकसंध प्लॅस्टिकची बनून आली. उभी केली तर गुडघे वाकलेले. दोष बनवणाऱ्याचा नव्हता, मापाची चिठ्ठी माझी होती. प्लॅस्टर उतरल्यावरही गुडघा सरळ ठेवून उजवी पोटरी काटकोनापर्यंत सहज जात नव्हती; मी घोट्याला जबरदस्तीने तिथे बसवले, तर स्नायूने आपली लांबी गुडघ्यातून काढून घेतली. दुसऱ्यांदा घोटा किंचित खाली झुकवून बनवला आणि बुटात टाचेखाली पाचर दिली. उभे राहिल्यावर नडगी सरळ उभी न राहता दहा-बारा अंश पुढे कललेली हवी. मग वजन पायावर नीट येते आणि गुडघा आपोआप उघडतो. पाचर वाळपईच्या बाजारात चपला दुरुस्त करणाऱ्याने एमसीआर या बारीक छिद्रांच्या मऊ रबराची बनवून दिली. आठ मिलिमीटर चढवले, बघितले, दोन तासून काढायला सांगितले. त्याने एकदा बायला चालताना पाहिले आणि दुसऱ्या खेपेला मी सांगायच्या आधीच उजवीकडची कड उतरती केली. घोट्यात बिजागरी असलेली स्प्लिंट मी टाळली; गुडघे वाकवून चालण्याकडे कल असलेल्या मुलाला ती आणखी खाली बसवते.

बूट दोन नंबर मोठे घ्यावे लागले. आतून सुती मोजा, घरी आल्यावर लाल वण बघायचा; वीस मिनिटांत गेला नाही तर स्प्लिंट दुरुस्तीला. हे आईला एकदा सांगितले, पुन्हा सांगावे लागले नाही.

दोन पाट

आमच्याकडे पाट दोन प्रकारचे, एक बसायचा आणि एक पाण्याचा. या प्रकरणात दोन्ही आहेत.

बसायच्या पाटावरून उठणे हा मुख्य व्यायाम झाला. सुरुवात दोन पाट एकावर एक ठेवून, हात छातीशी. आठ वेळा उठायचे, थांबायचे, असे तीनदा, आठवड्यातून तीन दिवस. ते सोपे झाले की पाठीवर दप्तर आणि दप्तरात अर्ध्या किलोची तांदळाची पुडी. दर आठवड्या-दोन आठवड्याला पुडी वाढली किंवा पाट उतरला. जूनपर्यंत तीन किलो आणि एकच पाट. शेवटच्या दोन उठाव्यांना तोंड वाकडे झाले पाहिजे, हा माझा नियम. सहज बारा वेळा होत असेल तर तो व्यायाम नसून कवायत आहे. त्याशिवाय सोप्याच्या कठड्याला धरून आडवे चालणे आणि पायरीवर चढ-उतार. ताणणे आता चोळणीपुरते उरले, तेही रात्री आजीच्या समाधानासाठी. आणि बायलाही आवडते म्हणून.

चालणे मात्र रोज, आणि त्याच वाटेवर. आधीचा वॉकर पुढे ढकलायचा होता. त्यावर ती ओणवी होऊन हातांनी चालायची. मागून ओढायचा वॉकर आणला, तशी छाती वर आली. पण त्याची चाके मातीत रुतू लागली आणि पाण्याच्या पाटावर टाकलेले पोफळीचे दोन ओंडके तर माणसालाही घसरवणारे. इथे माझी विद्या संपली. आजोबांनी ओंडके काढून दोन रुंद फरश्या टाकल्या, वाटेवरचे सुटे दगड वेचले आणि सात पायऱ्यांच्या बाजूने पोफळीचे खोड उभे चिरून बायच्या कोपराच्या उंचीचा कठडा बांधला. उंची त्यांनी मला विचारली नाही. तिला उभे करून खूण केली.

एप्रिल-मेमध्ये मी आठवड्यातून दोनदा जात होते. शाळेला सुट्टी, म्हणून वाट मोकळी आणि बघायला कोणी नाही. पहिल्या पूर्ण फेरीला १९ मिनिटे आणि सहा थांबे. थांब्याच्या जागा बायने स्वतः ठरवल्या आणि त्यांना गोव्याच्या सरकारी कदंब बसच्या थांब्यांची नावे दिली: पहिला होंडा, मग साखळी, आणि शाळा म्हणजे पणजी. पुढे प्रगती मोजायची आमची रीत तीच झाली. "आज साखळीला थांबले नाही."

शाळेनेही मनावर घेतले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला शेजारच्या शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे, पण कायद्याचा कागद काढायची वेळ आली नाही. दारातल्या दोन पायऱ्यांना एका बाजूने लोखंडी पाइप बसला. प्रार्थनेला बाय ओळीच्या टोकाला, भिंतीजवळ उभी राहील, खुर्ची मागे असेल, पण ती मागितल्याशिवाय कोणी पुढे आणायची नाही, असे बाईंशी ठरले.

पाऊस आणि चवथ

जुलैच्या सुरुवातीला १० मीटरला २४ सेकंद. मग कोसळायला लागला. चिऱ्यावर शेवाळ, वाटेवर चिखल, स्प्लिंट ओली, बूट वाळेना. पाच आठवडे बाहेरचे चालणे जवळपास बंद. बाय पुन्हा आईच्या कडेवर, वर छत्री. घरात चौकाभोवती फेऱ्या ठेवल्या होत्या, पण चौकात ना चढ ना पणजी. नंतर चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. घर पाहुण्यांनी भरले की अशी मुले दिवसभर कोणाच्या ना कोणाच्या कडेवर असतात. सगळ्यांचा जीव, आणि कोणाला काही म्हणायची सोय नाही. स्प्लिंट दहा दिवस गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या सामानाखाली होती. शिवाय बोटॉक्सचा परिणाम कधीच ओसरलेला. सप्टेंबरात २८ सेकंद.

हा उतार मी योजनेतच धरायला हवा होता. गोव्यात चालण्याचा कोणताही कार्यक्रम जूनमध्ये सुरू करू नये आणि सप्टेंबरात निकाल मागू नये. ऑक्टोबरपासून पुन्हा तीन महिने आठवड्याला दोन भेटी घेतल्या. पैशांचा ताण होता. गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे मानधन चालू होते, आणि नॅशनल ट्रस्टच्या निरामय या एक लाखापर्यंतच्या विम्याचा अर्ज आम्ही त्याच सुमारास भरला.

डिसेंबर

१० मीटरला २१ सेकंद. सहा मिनिटांत १५८ मीटर. अर्ध्या मिनिटात नऊ वेळा उठणे. शाळेची वाट ११ मिनिटांत, दोन थांबे, आई मागून दप्तर घेऊन. प्रार्थनेला पूर्ण वेळ उभी, आठवड्यातून एखाद दिवस खुर्ची मागते. घरात स्प्लिंट घालून खाटेपासून दारापर्यंत पाच-सहा पावले आधाराशिवाय. जीएमएफसीएसचा स्तर तिसराच, आणि तो बदलेल असे मी कधी म्हटले नव्हते. उजवा घोटा गुडघा सरळ ठेवून काटकोनावर, म्हणजे फेब्रुवारीत होता तिथेच. स्प्लिंट काढली की टाच अजून उचलते. आजी ते दर वेळी दाखवते.

आता दुसरी चूक. तिसऱ्या स्तरातल्या मुलांत दहापैकी सुमारे चौघांचे खुबे सरकतात, आणि बहुतेकदा दुखत नाहीत. एक्स-रेशिवाय कळत नाही. तो सहा महिन्यांनी काढायला हवा होता. मे महिन्यात सगळे आनंदात होते, बाय साखळी ओलांडून जात होती, आणि फायलीतला तो कागद मी उघडला नाही. डिसेंबरात, तेरा महिन्यांनी काढला: डावा २५, उजवा ३१. चालणे वाढले म्हणून खुबा सरकला नाही, उलट उभे राहण्याने खुब्याला मदतच होते. पण जूनमध्येच दिसले असते तर रात्रीची झोपायची ठेवण, मांडीच्या आतल्या स्नायूंची इंजेक्शने, हाडांच्या डॉक्टरांची भेट हे सगळे सहा महिने आधी बोलता आले असते. आईला मी हे असेच सांगितले. ती थोडा वेळ गप्प बसली, मग तिने पुढच्या एक्स-रेची तारीख विचारून मोबाइलमध्ये घातली.

हाडांच्या डॉक्टरांची वेळ जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मिळाली आहे. उजव्या स्प्लिंटमध्ये अंगठा पुढे टेकू लागला आहे, तेव्हा नवे माप त्याच दिवशी घ्यायचे. आजोबांनी पाटावरच्या फरश्यांची एक बाजू खचल्याचे कळवले आहे. मी येईन तेव्हा बघू, असे मी त्यांना म्हटले, पण तोवर त्यांनी ती बसवलेलीच असेल.